निंबावरचा तो ससाणा नाही: शिकारी पक्षी शिकारीवरून कसे ओळखावेत

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. आर्णी तालुक्यातल्या तुमच्या गावी तुम्ही गावरान कोंबड्या पाळता. गेल्या आठ दिवसांत पाच पिल्लं गेली. सगळी भर दुपारी, उघड्या अंगणातून, आणि मागे ना पीस ना रक्त. घरामागच्या निंबावर एक राखाडी, पोटावर आडवे पट्टे असलेला पक्षी रोज बसतो, त्याचा फोटो तुम्ही पाठवला. मामंजी गुलेल घेऊन त्याच्या मागे लागले आहेत. वावरातल्या आंब्यावर तसल्याच पक्ष्यांची एक जोडी दिवसभर ओरडते आणि तिथे घरटंही आहे. तुम्ही विचारलं आहे की हा ससाणा कोणत्या जातीचा, त्यांचे प्रकार किती, ते शिकार कशी करतात, आणि याला मारलं तर चालेल का.

पहिलं उत्तर मामंजींसाठी. गुलेल खाली ठेवा. फोटोतला पक्षी ससाणा नाहीच, तो पावशा आहे. मृगाच्या तोंडावर रात्रीबेरात्री ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणून जीव तोडून ओरडतो तोच. त्याला कोंबडीच्या पिल्लाशी काही देणंघेणं नाही. तो सुरवंट आणि किडे खातो, कधी पिकली फळं खातो.

चूक तुमची नाही. पावशाचं अंगच तसं घडलेलं आहे. शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखी राखाडी पाठ, तसेच पोटावरचे पट्टे, तशीच पट्ट्यांची शेपूट. उडणंसुद्धा तसंच: चार फटके मारायचे, मग पंख पसरून तरंगायचं, आणि फांदीजवळ येऊन खालून वर झोकात बसायचं. लहान वयातला पावशा लहान वयातल्या शिक्र्यासारखा दिसतो, इतकी नक्कल पक्की. कोकिळेसारखाच हाही दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणारा, आणि त्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे आपले सातभाई. शिक्रा आला असं वाटून पाखरं बिचकतात आणि पावशाचं काम सोपं होतं. तुमच्या फोटोत चोच नीट बघा. ती बारीक, जवळपास सरळ आहे, टोकाला जराशी वाकलेली. डोळ्याभोवती पिवळं कडं आहे. पाय तर अगदी काडीसारखे. शिकारी पक्ष्याचे पाय पाहिले की ते पकडण्यासाठीच आहेत हे लगेच कळतं.

मी ३२ वर्षं वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत कृषी सहायक म्हणून वावरावावरांतून फिरलो. त्यातली २६ वर्षं गळ्यात दुर्बीण होती. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. शिकारी पक्षी नुसत्या रंगावरून ओळखायला गेलं की फसायला होतं. नर वेगळा, मादी वेगळी, पिल्लू तिसरंच, आणि त्यात उन्हाचा झगझगाट. तो शिकार कशी करतो ते पाहावं. पंख, शेपूट, पंजे, बसायची जागा, सगळं त्या एका कामासाठी घडलेलं असतं. म्हणून तुमच्या ‘प्रकार किती’ या प्रश्नाचं उत्तर मी नावांची यादी देऊन देणार नाही. कोण कसा मारतो, ते सांगतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे वाकड्या चोचीचा कोणताही पक्षी ‘ससाणा’ होतो. पण यात दोन वेगळी घराणी आहेत. एक घार, गरुड, शिक्रा, बाज यांचं. दुसरं खऱ्या ससाण्यांचं, म्हणजे बहिरी, तुरमती, खरुची यांचं. शिक्र्याचे पंख आखूड आणि गोलसर, शेपूट लांब. ससाण्याचे पंख लांब, टोकदार, विळ्याच्या पात्यासारखे. शिक्रा भक्ष्य पंजात आवळून मारतो, नख्या रुतवत राहतो. ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखी एक खाच असते, तिने तो भक्ष्याची मान मोडतो. दिसायला भाऊ वाटतात, पण जनुकं तपासली तेव्हा ससाण्याचे जवळचे नातेवाईक पोपट निघाले. घारी-शिक्र्यांशी त्याचं नातं त्याहून लांबचं.

‘बहिरी’ या नावाचा बहिरेपणाशी संबंध नाही, हेही इथेच सांगून टाकतो. फारसी ‘बहरी’ म्हणजे समुद्राकडचा. मला शाळेत असताना कोणीतरी सांगितलं होतं की तो ऐकू न येणारा पक्षी, आणि मी ते कितीतरी वर्षं खरं मानलं.

आता शिक्रा. तुमच्या आंब्यावर ओरडणारी जोडी त्याचीच आहे, तुम्ही लिहिलेल्या ‘टिटुई-टिटुई’ आवाजावरून मला शंका उरली नाही. कबुतरापेक्षा जरा लहान पक्षी. नराची पाठ निळसर राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, गळ्याच्या मधोमध एक पुसट उभी रेघ. नराचे डोळे लालसर, मादीचे पिवळे-नारिंगी. मादी नरापेक्षा ठळक मोठी असते. शिकारी पक्ष्यांत बहुतेक ठिकाणी हेच. पूर्वी शिकारीसाठी पक्षी पाळणारे मादीला शिकरा म्हणत आणि नराला चिपक. लवकर शिकतो म्हणून त्या लोकांचा तो आवडता होता.

शिक्रा हा दबा धरणारा. तो आभाळात घिरट्या घालत भक्ष्य शोधत बसत नाही. दाट फांदीत, खोडाला लागून, अंग चोरून बसतो. फक्त मान हलते, वर-खाली, डावी-उजवीकडे. ते उगाच नसतं. मान हलवून तो अंतर जोखतो. शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यात बारीक पाहण्याच्या जागा बहुधा दोन असतात, एक समोरचं पाहायला, एक बाजूचं. मग एकदम सुटतो, आणि सुटतो तो खाली, जमिनीला लागून. वरूडकडच्या एका संत्र्याच्या बागेत मी हे अगदी जवळून पाहिलं. बुलबुल तीन ओळी पलीकडे होता. शिक्रा त्याच्याकडे सरळ गेलाच नाही. तो अलीकडच्या ओळीच्या आडोशाने, गुडघाभर उंचीवरून, बागेच्या टोकापर्यंत गेला, तिथे झाडाला वळसा घातला आणि पलीकडून बुलबुलावर आला. त्याचे आखूड पंख आणि लांब शेपूट तेव्हा मला नीट समजले. झाडाझाडांतून असं वळायचं तर पंख आखूडच हवेत, आणि वळवायला शेपूट लांब हवी. बुलबुल तेव्हा वाचला. बहुतेक वेळा वाचतातच. शिकारी पक्ष्याच्या बऱ्याचशा झडपा वाया जातात, आणि म्हणून तो म्हातारा, आजारी, नवखा, बेसावध असा जीव हेरतो.

तो खातो काय? सरडे सगळ्यात जास्त. नंतर उंदीर, लहान पाखरं, बेडूक, नाकतोडे, कधी खारीचं पिल्लू. अंगणात आठ-दहा दिवसांचं कोंबडीचं पिल्लू मोकळं दिसलं तर तेही नेईल, ते मी नाकारत नाही. पण त्याचं स्वतःचं वजन दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास. महिना-दीड महिन्याची तलंग, म्हणजे वाढती कोंबडी, तो उचलू शकत नाही. आणि पाखरू मारलं की तो तसाच खात नाही. ठरलेल्या फांदीवर किंवा धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडावर नेऊन आधी पिसं उपटतो. खाली पिसांचा सडा पडतो. त्यातलं एक पीस उचलून देठ बघा. उपटलेल्या पिसाचा देठ अखंड असतो. मुंगूस किंवा मांजर चावून तोडतं, तेव्हा देठ कुरतडलेला, तुटका असतो. मी चोर शोधायला गेलो की आधी हेच बघतो.

शिक्रा दिसत नसला तरी त्याची बातमी मिळते. दुपारी बागेत सगळं सुस्त असताना अचानक खार चिरचिरायला लागते, सातभाई एका झाडात गोळा होऊन कलकलाट करतात, बुलबुल त्याच दिशेला तोंड करून ओरडतात. त्यांची तोंडं जिकडे, तिकडे बघा. कोतवाल पक्षी तर अंगावरच जातो, त्याच्या टोच्या खात शिक्रा झाड बदलतो. आणि हाच कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. साळुंक्या घाबरून उडतात, आणि त्यांनी शोधलेला किडा कोतवालाच्या चोचीत जातो. त्यामुळे नुसत्या आवाजावर विसंबू नका.

कापशी मला या सगळ्यांत सर्वांत जवळची. पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. विजेच्या तारेवर, वाळक्या बाभळीच्या शेंड्यावर बसलेली असते, आणि बसल्याबसल्या शेपूट हळूहळू वर-खाली करते. नाव कापशी घार, पण उकिरड्यावरच्या घारीशी तिचे गुण जुळत नाहीत. ती उंदरांवर जगते. सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना वावरावर येते, हवेत एका जागी फडफडत उभी राहते, पाय खाली लोंबते ठेवते, जरा खाली उतरते, पुन्हा थांबते, पुन्हा उतरते. शेवटी पंख उंच धरून सरळ खाली पडते. ऑक्टोबरात सोयाबीन कापून गंजी लागते, मळणीचा हडंबा चालतो, उंदरांचे आसरे उघडे पडतात, तेव्हा एकाच शिवारात दोन-तीन कापशा मी पाहिल्या आहेत. खाणं भरपूर असेल तर वर्षातून एकाहून जास्त वेळा अंडी घालतात. उंदीर वाढले की कापशा वाढतात, हे बारीक लक्ष ठेवणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला दिसेल.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझ्यावरच येते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी गावोगावी उंदीर मारायच्या आमिषाची शिफारस करायचो. ब्रोमाडिओलोनचे निळे गोळे वाटायचो. या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणं थांबतं, आणि तो तीन-चार-पाच दिवस सुस्तावत, उघड्यावर भटकत मरतो. सुस्त उंदीर म्हणजे शिकारी पक्ष्याला आयतं ताट. एका शिवारात आमिष टाकल्याच्या दहाव्या दिवशी बाभळीखाली मला मेलेली कापशी सापडली. जखम कुठेच नव्हती, चोचीतून आणि नाकातून रक्त आलेलं होतं. बाजूच्या तारेवर तिचा जोडीदार बसलेला होता. मी त्या दिवशी गावात कोणाशी बोललो नाही. नंतर मी शिफारसच बदलली. गोळा बिळाच्या आत, बाहेर उघड्यावर नाही. पुढचे सात-आठ दिवस रोज सकाळी वावरात फेरी मारायची, मेलेले आणि लडखडणारे उंदीर काठीने गोळा करून खोल पुरायचे. आणि त्याआधी वावरात दहा-पंधरा ठिकाणी आडव्या काठीचे पक्षीथांबे उभे करायचे. दिवसा कोतवाल आणि कापशी, रात्री घुबड आणि पिंगळा बसतो. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण थांबे लावतोच, तेच उंदरांसाठीही चालतात. ताई, तुमच्याकडे गहू-हरभऱ्याच्या वेळी कोणी आमिष टाकणार असेल तर एवढं मात्र पाळा.

तिसा हा आपल्या कोरडवाहू भागाचा खास पक्षी, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. डोळे पांढरट, गळा पांढरा आणि त्यावर काळसर उभ्या रेघा. खांबावर, बुटक्या झाडावर, दगडावर तासन्‌तास बसून राहतो, आणि जमिनीवर नाकतोडा, सरडा, उंदीर दिसला की संथपणे उतरून उचलतो. घाई नाहीच. फेब्रुवारी ते मे या विणीच्या काळात त्याचा मांजराच्या पिल्लासारखा करुण आवाज दुपारभर ऐकू येतो. उन्हाळ्यात धुरे पेटवले की आगीच्या कडेला घारी, नीलपंख आणि तिसे येऊन बसतात, कारण पळणारे किडे आणि सरडे तिथे मिळतात. पण त्याच आगीत धुऱ्यावरची बोर-बाभूळ जळते, म्हणजे त्यांचीच घरट्याची जागा जाते. धुरा जाळू नये असं मी आजही प्रत्येकाला सांगतो.

थंडीत पाहुणे येतात. त्यांत भोवत्या मला सगळ्यात देखणा वाटतो. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून ऑक्टोबरच्या सुमारास येतो, मार्चपर्यंत राहतो. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, गवतावरून अगदी खालून, हळूहळू वावर विंचरल्यासारखा जातो. त्याचा चेहरा घुबडासारखा जरा चपटा, गोल असतो, कारण तो नुसतं बघत नाही, ऐकतोही. गवतात उंदराची खुसफुस झाली की जागच्या जागी वळून पडतो. रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतो, अनेक भोवते एकत्र. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यासारखी गवताची रानं त्याला म्हणूनच हवीत. गायरानं नांगरली गेली, गवत गेलं, की तो दुसरीकडे जातो. पूर्वी ज्या पडीक माळांवर मला हिवाळ्यात भोवत्या हमखास दिसायचा, त्यांतले काही माळ आता राहिलेच नाहीत.

खऱ्या ससाण्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमच्या अंगणाशी त्यांचा संबंध कमी. खरुची हिवाळ्यात येते, कापशीसारखीच हवेत उभी राहते, पण रंग विटकरी आणि पंख टोकदार. तुरमतीचं डोकं तांबडं. ती जोडीने शिकार करते, एक पाखराला हुसकतो, दुसरा गाठतो, आणि हे इतकं झटपट होतं की दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत संपलेलं असतं. बहिरी उंचावरून पंख मिटून सूर मारते तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, जगात याहून वेगवान प्राणी नाही. ती पाखराला हवेतच मारते. मोकळं आभाळ लागतं तिला. आणि ससाणे स्वतः घरटं बांधत नाहीत. कड्याची कपार नाहीतर कावळ्याचं जुनं घरटं त्यांना पुरतं. तुमच्या आंब्यावर काटक्यांचं नवं घरटं आहे, तेव्हा ते ससाण्याचं नाही हे त्यावरूनही ठरतं.

जंगलाकडे, म्हणजे मेळघाट, ताडोबा, पेंचच्या बाजूला गेलं की सर्पगरुडाची लांब शीळ ऐकू येते. साप खाणारा हा गरुड विषाला पुरून उरतो असं लोक म्हणतात. तसं नाही. त्याच्या पायांवर जाड खवले असतात आणि साप धरायची पद्धत चोख असते. दंश वर्मी बसला तर तोही मरेल. मधुबाज तर आग्या मोहोळावर तुटून पडतो. त्याला मधापेक्षा पोळ्यातल्या अळ्या हव्या असतात. डोळ्यांभोवती आणि चोचीच्या बुडाशी त्याची पिसं खवल्यांसारखी बारीक आणि घट्ट असतात, त्यांतून माशीचा काटा सहजी शिरत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे मालगुजारी तलावांवर हिवाळ्यात मासे मारणारा कैकर येतो. त्याच्या तळपायाला काटेरी खरबरीतपणा असतो आणि बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणून निसटता मासा त्याच्या पंजातून सुटत नाही. आणि जंगलालगतच्या गावात मोठी कोंबडी, ससा उचलणारी असते ती मोरघार. तुमचं गाव रानाला लागून असतं तर मी तिचाही विचार केला असता.

मग पाच पिल्लं नेली कोणी? तुम्ही सांगितलेल्या खुणा परत वाचतो. भर दुपार. उघडं अंगण. पिसं नाहीत, रक्त नाही. कोंबडी एकदम ओरडली आणि पिल्लू गायब. शिवाय तुमच्या मुलाने ‘मागून फाटलेल्या शेपटीचा’ मोठा पक्षी छपरावरून जाताना पाहिला. ती घार आहे, साधी घार. दुपारी जमीन तापली की वर चढणाऱ्या गरम हवेवर ती न फडफडता तरंगते, खाली सगळं बघते, आणि एका फेरीत खाली येऊन न थांबता पंजात उचलून जाते. कित्येकदा उडता उडताच पंजातलं खाते. म्हणून खाली काही उरत नाही. शिक्र्याने पाच पिल्लं नेली असती तर जवळपास कुठेतरी पिसांचा सडा सापडला असता. कावळाही अगदी लहान पिल्लं नेतो, पण तो आधी चोरासारखा आजूबाजूला फिरतो, आणि तुम्हाला तो दिसलाच असता.

तुमची कोंबडी हे आपल्याआधी ओळखते. आभाळातल्या शत्रूसाठी तिची हाक वेगळी, जमिनीवरच्यासाठी वेगळी. वरून घार आली तर ती एक बारीक, लांब आवाज काढते आणि पिल्लं जागीच दबतात किंवा आडोशात शिरतात. मांजर-मुंगसासाठी ती कटकट-कटकट करत राहते. पुढच्या वेळी कान देऊन ऐका, मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

पण दबायला आडोसा पाहिजे ना! खरा प्रश्न तिथे आहे. सारवलेलं, झाडलेलं, मोकळं अंगण म्हणजे घारीसाठी उघडं ताट. अंगणाच्या एका कोपऱ्यात तुराट्यांचा बुटका मांडव घाला, हातभर उंचीचा, आत पिल्लं शिरतील आणि घार शिरणार नाही असा. वर जुनी शेडनेट किंवा मासे धरायचं फाटकं जाळं टाकलं तरी चालेल, पण ते ताणून बांधा, ढिलं ठेवलं तर पाखरं अडकतात. पहिला महिना-दीड महिना दुपारी बारा ते चार पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीखाली ठेवा. जुन्या सीडी, चकचकीत पट्ट्या टांगतात लोक, त्यांचा धाक चार-सहा दिवस राहतो, मग घार सरावते. जागा बदलत राहिलात तर थोडा उपयोग होतो.

आणि एक विचारतो, रागावू नका. घरी कोंबडं कापलं की आतडी-पिसं कुठे टाकता? उकिरड्यावर? घार एकदा तिथे आली की रोज त्या वेळेला फेरी मारते. उकिरड्यावर काही नसलं तर तिला बाजूचं पिल्लू दिसतं. सगळं खड्ड्यात पुरून वर माती टाकायला लागलात, तर पंधरा दिवसांत फेऱ्या कमी होतील. मी हे तीन-चार घरी करून पाहिलं आहे.

मारायचं की नाही, याचं उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सगळ्या शिकारी पक्ष्यांना संरक्षण आहे. मारणं, पकडून पाळणं, अंडी-पिल्लं काढणं, सगळं गुन्हा. पण मला कायद्यापेक्षा दुसरं सांगावंसं वाटतं. एक घार मारली तर तिची जागा आठवड्यात दुसरी घेते. आणि गुलेलीच्या धाकाने आंब्यावरचे शिक्रे गेले, तर तुमच्या वावरातले उंदीर आणि नाकतोडे खाणारी जोडी जाईल.

जखमी पक्षी सापडला तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवतो. विजेच्या डीपीवर शॉक लागून पडलेले, संक्रांतीच्या सुमारास मांज्यात पंख चिरलेले पक्षी दरवर्षी सापडतात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर लटकलेला दिसतोच. अशा पक्ष्यावर जाड टॉवेल टाका. चोचीला भिऊ नका, पंजांना भ्या. टॉवेलसकट दोन्ही पाय वरून धरा. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून अंधार करा, गर्दी करू नका. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. दूध-पोळी तर मुळीच नाही. एका गावातल्या मुलांनी मोठ्या मायेने शिक्र्याच्या पिल्लाला दोन दिवस दूधपोळी भरवली होती. मी पोहोचलो तेव्हा ते मान टाकून पडलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत गेलं. त्या मुलांचे चेहरे मला अजून दिसतात. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे कळवा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे असे पक्षी बरे करून परत सोडतात.

राहिलं तुमच्या आंब्यावरचं घरटं. शिक्रा मार्च ते जून या काळात अंडी घालतो, तीन-चार. अंडी उबवण्याच्या काळात मादी बसून असते, नर खाणं आणतो. तो घरट्यावर सहसा जात नाही, जवळच्या फांदीवरून हाक देतो आणि ती उठून येऊन घेते. तुम्ही दिवसभर ऐकता ती ओरड तीच. आत्ता पिल्लं मोठी झालेली असावीत. उडता येण्याच्या आधी ती घरट्यातून निघून फांद्यांवर बसतात आणि एखादं खाली पडतं. पडलं तर घरी आणू नका. मांजर-कुत्र्यापासून राखा, जुन्या टोपल्यात गवत घालून ते टोपलं आंब्याच्याच फांदीला घट्ट बांधा आणि पिल्लू त्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून मायबाप टाकून देतात, हे खरं नाही. दूर झाडाआड बसून बघा, तासा-दोन तासांत आई येईल. छातीवर उभे थेंब असलेली, अजून नीट न उडणारी अशी पिल्लं दिसेनाशी होईपर्यंत त्या आंब्याची फांदी छाटू नका, आणि मामंजींना म्हणावं पेरणीची तिफण त्या बाजूने शेवटी काढा.